गुरुजींच्या घरावरचं झुडपी जंगल

आपलं घर हे घर नसून जंगल आहे, ही गोष्ट सोमाजी गुरुजींना बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता, नगरपंचायतीच्या खिडकीसमोर, मागे रांगेत उभ्या असलेल्या अकरा माणसांच्या देखत कळली.

गेले होते ते मिळकत पत्रिका आणायला. घराला जिना नव्हता. स्लॅबवर चढायला एक बांबूची शिडी होती, तिच्या दोन दांड्या निघाल्या होत्या, आणि सुगंधाबाईंनी जाहीर केलं होतं की या शिडीवरून आता मी चढणार नाही, सांडगे वाळले काय नि न वाळले काय. म्हणून जिना. जिन्याला परवानगी, आणि परवानगीला मिळकत पत्रिका. एवढंसं काम. चहापर्यंत परत येऊ म्हणून गुरुजी चहा न घेताच निघाले, ही या प्रकरणातली पहिली चूक.

खिडकीत चंचल बसली होती. गुरुजींचीच विद्यार्थिनी. तिने कम्प्युटरवर वॉर्ड नंबर तीन उघडला, माऊस फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मग परीक्षेत उत्तर न आल्यावर करायची तसाच चेहरा केला.

"गुरुजी, हे रफीकभाईचं घर हाय. हे झिंगूभाऊचं. मधात तुमचं पाह्यजे होतं."

"मग?"

"मधात झुडपी जंगल हाय."

बाहेरच्या माणसाला हे दोन शब्द कदाचित गोड वाटतील. पक्षी वगैरे आठवतील. आपल्या भागात मात्र ती सरकारी वनजमिनीची नोंद; ज्याच्या जमिनीच्या कागदावर ते शब्द एकदा उमटले, त्याची पुढची पिढी नुसती अर्ज करत मोठी होते. मागच्या रांगेतून कोणीतरी हळहळलं. दुसऱ्याने विचारलं, की मग गुरुजी राहतात कुठं.

आता खरी जखम सांगायची तर ती वेगळीच होती. नागभीडहून बसने पाऊण तासावर असलेल्या या चिंचटोल्यात सोमाजी गुरुजींनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. रिटायर झाल्यापासून कोणी त्यांना नकाशातलं काही विचारलं नव्हतं. त्यामुळे पावसाळा संपता संपता नगरपंचायतीने दवंडीच्या गाडीवरून सांगितलं, की ड्रोन येणार, वरून सगळ्या घरांचा फोटो निघणार, त्यावरून नकाशा होणार आणि घरोघरी पत्रिका मिळणार, तेव्हा गुरुजींनी ते काम आपल्याच अंगावर घेतलं. कोणी दिलं नव्हतं. गल्लीगल्लीत जाऊन त्यांनी व्याख्यानं दिली. आजवर आपण गाव फक्त खालून पाह्यलं, आता ते वरून पाह्यलं जाणार. वरून माणसाचं तोंड दिसत नाही, छत दिसतं. तेव्हा छत हेच तुमचं तोंड समजा.

लोकांनी ऐकलं, हे विशेष. रफीकभाई वेल्डिंगवाल्याने छतावरचं वीस वर्षांचं भंगार उतरवलं. ताडपत्र्या निघाल्या. बायांनी दोडक्याचे, कारल्याचे मांडव तोडले. झिंगूने ड्रोनच्या दिवशी दाढीसुद्धा केली.

ऐकलं नाही ते एकाच बाईने. सुगंधाबाईंचा वालाचा वेल अंगणातल्या मांडवावरून चढून पूर्ण स्लॅबवर पसरला होता, आणि माकडांनी शेंगा ओरबाडू नयेत म्हणून त्यावर बोरीच्या काट्या टाकलेल्या होत्या. वेलाला नुकतीच फुलं आली होती. गुरुजींनी घरातही तेच व्याख्यान सुरू केलं, तर त्या म्हणाल्या, "लोकायच्या बायका तुमचं ऐकतेत नं, मग त्यायलेच सांगा. माह्या वालाले हात लावून पाहा."

गुरुजींनी हात लावून पाहिला नाही. ड्रोन आला, भुणभुणला, गेला. आणि चिंचटोल्यातलं झाडून सगळ्यांचं घर नकाशात आलं, कारण गुरुजींनी सगळ्यांना शहाणं केलं होतं.

त्या फोटोची एक मोठी प्रत नगरपंचायतीच्या भिंतीवर लावलेली होती. वरून चिंचटोला इतकं देखणं दिसत होतं, की हे आपलंच गाव आहे हे गावच्या लोकांना बोट ठेवून सांगावं लागे. तलाव निळाशार. भोवती धानाच्या बांध्यांच्या हिरव्या चौकटी. रस्ते भांग पाडल्यासारखे सरळ, आणि बाजारचौकातून जाणारा नाला चांदीच्या करगोट्यासारखा वळलेला. हाच नाला खालून ओलांडताना गुरुजी आत्ताच नाकाला रुमाल लावून आले होते. फोटोत मेनरोड सहा मीटर रुंद होता. खाली त्यातले दोन मीटर भज्याच्या गाडीचे, एक मीटर मोटरसायकलींचा, एक म्हशीचा, आणि उरलेल्यात ज्याला घाई असेल त्याने जावं. वरून वास येत नाही, भोंगे ऐकू येत नाहीत, आणि कोणी "काऊन गुरुजी, कुठी चालले?" असंही विचारत नाही. गुरुजींना वाटलं, आयुष्यभर आपण पोरांना जे गाव शिकवलं ते हे भिंतीवरचं, आणि राहिलो मात्र दुसऱ्याच गावात.

त्यांनी बावीस वर्षांच्या घरटॅक्सच्या पावत्या आणून खिडकीत ठेवल्या. विजेचं बिल ठेवलं. समोरून काढलेला घराचा फोटो ठेवला, त्यात दारात सुगंधाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. चंचलने सगळं आदराने पाहिलं आणि आदराने परत केलं. टॅक्स तुम्ही भरला हे बरोबर, पण कशाचा भरला ते आता नकाशा सांगेल. हरकत घ्यायला तीस दिवस आहेत. अर्जासोबत वरून काढलेला फोटो जोडा. खालून काढलेला चालत नाही.

"काऊन चालत नाई?"

"खालून तं सगळेच घरं घरासारखे दिसतेत, गुरुजी."

ही बातमी गुरुजींच्या आधी घरी पोचली. गल्लीतल्या ज्या बायांनी गुरुजींच्या सांगण्यावरून दोडक्याचे मांडव तोडले होते, त्या सगळ्या सांत्वनाला आल्या आणि जाताना वालाच्या शेंगा घेऊन गेल्या. झिंगूचा सल्ला असा, की जंगलच झालं आहे तर एखादा वाघ दाखवून द्यावा, म्हणजे निदान भरपाई सुरू होईल. रफीकभाईचा सल्ला मात्र कामाचा वाटला. त्याने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "गुरुजी, सीधी बात हाय. पाण्याच्या टाकीवर चढा. तिथून पूरा वॉर्ड दिसते. मोबाईलनं फोटो काढा, खलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, सोमाजी गुरुजी पाण्याच्या टाकीवर चढले. पायऱ्या ब्याऐंशी. चाळीसाव्या पायरीवर त्यांनी खाली पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही. वर पोचून, कठड्याला एक हात घट्ट धरून, त्यांनी डोळे उघडले.

गाव खरंच सुंदर होतं. फोटो खोटं बोलला नव्हता. रफीकभाईचा निळा पत्रा दिसला. झिंगूची पांढरी गच्ची दिसली. त्या दोघांच्या मधात, जिथे गुरुजींनी लग्न झाल्यापासून एक-एक वीट रचून घर उभं केलं होतं, तिथे हिरवं, काटेरी, चौकोनी गचपण होतं. गुरुजींनी चष्मा पुसून पाहिलं. एक क्षण त्यांनाही खात्री वाटेना. हा नकाशा कोणा नववीच्या पोराने आणला असता, तर त्यांनी स्वतःच तिथे 'जंगल' लिहून पुढे टिक केली असती.

एवढ्यात खाली गलका झाला.

आता आपल्याकडे पाण्याच्या टाकीवर माणूस चढला, की तो फोटो काढायला चढला असं कोणाच्याही मनात येत नाही. टाकीवर चढतात ते आंदोलनाला. बघता बघता दीडशे माणसं जमली. भज्याची गाडी मेनरोडवरून टाकीखाली आली. दोन पोलीस आले, त्यांनी भोंग्यातून विचारलं, की गुरुजी, मागणी काय आहे. गुरुजींनी वरून ओरडून सांगितलं, की मागणी काहीच नाही. त्यावर खालचे लोक जास्तच घाबरले. मागणी असलेला माणूस आश्वासन घेऊन उतरतो; मागणीच नसलेल्याचं काय करायचं हे पोलिसांनाही शिकवलेलं नसतं. म्हणून गर्दीने मागण्या पुरवल्या. नाली साफ करा. हातपंप दुरुस्त करा. एसटी थांब्यावर टिनाचं छप्पर टाका. प्रत्येक मागणीवर लोक टाळ्या वाजवत होते, आणि वर गुरुजी फोटो काढत होते.

शेवटी सुगंधाबाई आल्या. त्यांनी पदर खोचला, वर पाहिलं आणि भोंग्याशिवाय विचारलं, "उतरता का मी येऊ?"

गुरुजी उतरले. खाली त्यांच्या हातात वॉर्ड तीनची नाली आठ दिवसांत साफ करण्याचं लेखी आश्वासन पडलं आणि गळ्यात झेंडूचा हार. आयुष्यभर पोरांना सरळ रेषा काढायला शिकवणाऱ्या माणसाला पोलिसांनी यापुढे असं न करण्याबद्दल कागदावर सही करायला लावली. फोटो चौदा निघाले होते. अकरांमध्ये गुरुजींचा अंगठा होता. उरलेल्या तिन्हींत झुडपी जंगल अगदी स्पष्ट आलं होतं.

मग एकच उपाय राहिला. वेल तोडायचा आणि ड्रोन पुन्हा उडवायला लावायचा. यावर घरात दोन दिवस जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शेंगांचा बहर एव्हाना सरत आला होता, आणि आपण सरकारी जंगलात स्वयंपाक करतो ही गोष्ट सुगंधाबाईंनाही खटकू लागली होती. त्यांनी हो म्हटलं. गुरुजी विळा घेऊन शिडीला लागले, आणि तेवढ्यात त्यांना, एकतीस वर्षं नियमाने वागल्यामुळे, एक अवदसा आठवली. ते आधी चंचलला विचारायला गेले.

चंचलने डोक्याला हात लावला. कशाला विचारलं, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण आता विचारलं होतं, आणि विचारलेल्याला उत्तर द्यावंच लागतं. नकाशा दुरुस्त होत नाही तोवर ती जागा झुडपी जंगल. झुडपी जंगलातली हिरवळ तोडायची तर वनखात्याची परवानगी. परवानगीला आधी स्थळपाहणी. जंगल हटल्याशिवाय घर दिसत नाही, आणि घर दिसल्याशिवाय जंगल हटवता येत नाही. गुरुजींनी हे तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यात त्यांना एक प्रकारची शिस्त दिसू लागली, तेव्हा घाबरून ते घरी आले.

स्थळपाहणीला वनरक्षक पवन आला. तोही विद्यार्थीच. मोबाईलमध्ये नकाशा घेऊन तो मोटरसायकलवर गल्लीतून चार वेळा गेला नि चार वेळा परत आला, कारण नकाशात जंगल होतं आणि गल्लीत नुसती घरं. शेवटी त्याने झिंगूला विचारलं. झिंगू म्हणाला, हातपंपापासून पुढे ये, वेल्डिंगचा आवाज उजव्या कानात गेला पाहिजे, जिथे फोडणीचा ठसका लागेल तिथे उतर. पवन बरोबर दारात उतरला.

तो बसायच्या खोलीत, पंख्याखाली, खुर्चीवर बसला. त्याने चहा घेतला. मग सुगंधाबाईंनी आग्रह केला म्हणून भात आणि वालाच्या शेंगांची भाजी खाल्ली. हात धुतले, आणि वही काढून लिहू लागला.

"पवन," गुरुजींनी शांतपणे विचारलं, "तू आत्ता कुठी बसून हायेस?"

"तुमच्या घरी, गुरुजी."

"मग तसं लिही."

"तसं लिहिता येत नाई नं. नकाशात घर नाई." पवन खरंच ओशाळला होता. "आठवीत मी हिरव्या जागेत गाव दाखवलं होतं, तं तुमी मले बेंचावर उभं केलं होतं. म्हणे, हिरवा म्हणजे वन, मुकाट्यानं वन लिहाचं. तवापासून मी हिरव्यात कधी गाव लिहिलं नाई."

शिकवलेलं इतकं लक्षात ठेवणारा विद्यार्थी त्यांना एकतीस वर्षांत हा एकच भेटला होता, आणि तो आत्ता भेटला होता.

आठ दिवसांनी कागद आला. परवानगी नाकारली होती. कारण, स्थळपाहणीत असं आढळलं, की सदर ठिकाणी नैसर्गिक वनस्पती नसून वाल या पिकाची लागवड आहे. म्हणजे झुडपी जंगलावर शेतीचं अतिक्रमण. सोमाजी वल्द इतवारी बोरकुटे यांनी सात दिवसांत हे पीक हटवावं, नाहीतर कारवाई होईल.

गुरुजी खाली बसले. ज्या माणसाने कधी शाळेतला खडूचा तुकडा घरी आणला नाही, तो आता जंगलचोर झाला होता. रफीकभाई येऊन वकिलाचं नाव सांगून गेला. झिंगू म्हणाला, वाघाचं मी आधीच बोललो होतो.

संध्याकाळी सुगंधाबाईंनी तो कागद चुलीजवळ नेऊन दोनदा वाचला. मग बाहेर आल्या.

"अहो, तुमाले वेल तोडाची परवानगी पाह्यजे होती नं?"

"नाकारली त्यायनं."

"परवानगी नाकारली. पन हुकूम दिला. हटवा म्हणतेत. मग हटवा नं, रडून कायले राह्यले?"

गुरुजींनी कागद पुन्हा वाचला. बाई म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं. त्यांनी तरी खात्रीसाठी पवनला फोन केला. वेल हटवतो, पण घराचं काय, तेही अतिक्रमणात येतं का. पवन म्हणाला, "घर नकाशात नाई, गुरुजी. जे नाईच ते हटवाले मी कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल उतरला. काट्या उतरल्या. कित्येक महिन्यांनी स्लॅबला ऊन लागलं. सुगंधाबाईंनी शेवटच्या शेंगा गल्लीत वाटल्या, आणि त्या दिवशी नवऱ्याशी जेवणापुरतंच बोलल्या.

गुरुजींच्या हरकतीवर ड्रोन पुन्हा येणार होता. चंचलने खास फोन करून बजावलं, की नकाशात रंग भरणारे लोक कुठल्यातरी मोठ्या शहरात, एसीत बसतात. त्यांनी चिंचटोला पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाहीत. तेव्हा या वेळी वरून पाहताच कळलं पाहिजे, की इथे माणसं राहतात. गुरुजींनी रफीकभाईकडून शिडी दुरुस्त करून घेतली. स्लॅब चुन्याने रंगवला. दोन खुर्च्या वर नेल्या, एकीवर आपण, दुसरीवर सुगंधाबाई. वरून पाहणाऱ्याला नवरा-बायको दिसले म्हणजे घर, यापेक्षा जास्त पुरावा कोण मागेल.

पण गल्लीचं मन मोठं असतं. गुरुजींनी टाकीवर चढून नाली साफ करून दिली होती, ते लोक विसरले नव्हते. साडेनऊला रफीकभाई वर आला, एकटं वाटू नये म्हणून. त्याच्या मागे त्याची बायको फरहाभाभी आणि तिच्या दोन बहिणी. मग झिंगू, दाढी करून. मग दोडकेवाल्या बाया, नटून. कोणीतरी सतरंजी आणली. कोणीतरी ऊन लागतं म्हणून एका कोपऱ्यात मांडवाचं कापड बांधलं. गुरुजी शिडीशी उभे राहून हात जोडत होते, की बाप्पा हो, दोनच माणसं पाहिजेत. लोक म्हणत होते, संकोच करू नका गुरुजी, आम्ही आहोत. ड्रोन डोक्यावर आला तेव्हा स्लॅबवर त्रेपन्न माणसं होती आणि सगळी वर पाहून हात हलवत होती. गुरुजींना तेवढ्यातही समाधान वाटलं. एवढी माणसं जंगलात नसतात.

महिन्याने नवा नकाशा आला. गुरुजी या वेळी चहा घेऊन गेले. चंचलने स्क्रीन वळवली. जंगल गेलं होतं. त्या जागी निळ्या रंगाचा सुबक चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, सार्वजनिक सभागृह.

हरकत घ्यायला पुन्हा तीस दिवस. पण आता मामला सोपा होता, असं चंचल म्हणाली. सभागृह नाही एवढंच दाखवायचं, फोटोही नको. गुरुजींनी घरी येऊन, टेबलाशी बसून, चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला. सदर वास्तू हे माझे राहते घर असून ते अत्यंत लहान आहे. बसायची खोली दहा बाय बारा. त्यात सहापेक्षा जास्त माणसे कोणत्याही परिस्थितीत बसू शकत नाहीत. या वाक्याखाली त्यांनी पट्टी लावून रेघ ओढली. सही केली. चपला घातल्या.

दारात एक माणूस उभा होता. वॉर्ड सातमधला, नाव झाडूभाऊ, डोक्यावर पांढरी टोपी, हातात नारळ. पोरीचं लग्न जमून साक्षगंध ठरलं होतं, पाव्हणे ब्रह्मपुरीहून यायचे होते, आणि नगरपंचायतीच्या भिंतीवरच्या नव्या नकाशात त्याने आपल्या वॉर्डाजवळ सभागृह पाहिलं होतं.

गुरुजींनी काही सांगायच्या आत तो खोलीत आला. त्याने कोपऱ्यातून कोपऱ्यात पाहिलं. कपाटाकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, वर पंख्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरत गेला. नारळ त्याने या हातातून त्या हातात घेतला आणि अगदी भल्या मनाने म्हणाला,

"वरून तं लय मोठं दिसत होतं, गुरुजी. खालून तं हे काईच नाई."

सोमाजी गुरुजी थांबले. सहा महिने त्यांनी या घरापायी काय-काय सोसलं होतं. जंगल म्हटलेलं सोसलं, टाकीवरचा हार सोसला, जंगलचोर म्हटलेलं सोसलं. पण या खोलीत उभं राहून, सुगंधाबाई आतून ऐकत असताना, काईच नाई.

"काईच नाई म्हणजे?" ते म्हणाले. "किती माणसं हायेत तुमची?"

"साठ तरी होतीन."

"साठ ना? साठ आरामात बसतेत. पलंग काढला तं ऐंशी. गेल्या महिन्यात नुसत्या वरच्या स्लॅबवर त्रेपन्न होते, विचारा कोणालेही."

झाडूभाऊने नारळ टेबलावर ठेवला आणि गुरुजींच्या पाया पडला. तारीख ठरली. तो गेला.

सुगंधाबाई आतून आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला अर्ज घेतला, उभ्यानेच वाचला, रेघ ओढलेलं वाक्य दुसऱ्यांदा वाचलं, आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मागची बाजू कोरी होती.

"पेन द्या," त्या म्हणाल्या. "साठ माणसाले तांदूळ किती लागते, ते लिहून घ्या पह्यले."